जुहूची गेट मीटिंग

जोगेश्वरी (पूर्व),
११ मे १९८६

तीर्थरूप भाऊमामांस जयवंताचा वाकून नमस्कार.

मामींचा गुडघा आता कसा आहे? शेक द्यायचा कंटाळा करू नका म्हणावं. तुम्ही पाठवलेली आंब्यांची पेटी पोचली. वरच्या थरातले आंबे आम्ही खाल्ले, खालच्या थरातले बाबांनी चळवळीसाठी खर्च केले. चळवळ कसली, ते सांगायलाच हे पत्र लिहितोय.

मी तिकडे आखातात विमान चालवतो म्हणजे सोन्याच्या ताटात जेवतो, अशी अख्ख्या चाळीची समजूत आहे. (तुमची बहीण, म्हणजे आमची आई, ही समजूत पसरवण्यात आघाडीवर.) खरं सांगायचं तर तेलाचे भाव घसरले आणि त्याबरोबर आम्हीही. कंपनीने पत्रक काढलं. पहिल्या ओळीत आपण सगळे एकाच कुटुंबातले आहोत असं होतं आणि दुसऱ्या ओळीत पगारातला तिसरा हिस्सा कापला होता. मग राहती घरं काढून घेतली आणि एका खोलीत दोघांना कोंबलं. माझ्या वाट्याला मुलुंडचा शिवदास आला. माणूस लाखमोलाचा, पण घोरतो असा की झोपेतही मी इंजिन बंद करायला हात पुढे करतो. पासपोर्ट मॅनेजरच्या तिजोरीत, रजेवर निघतानाच तेवढा हातात मिळायचा. आणि सगळ्यात झोंबणारी गोष्ट अशी की माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून तेच विमान चालवणाऱ्या गोऱ्या कॅप्टनला पगार जवळजवळ दुप्पट, शिवाय त्याच्या कुत्र्याला वर्षातून एकदा मायदेशी जायचं फुकट तिकीट! माझ्या बायकोला, आमच्या अनुपमाला, नाही. मी हे तिला सहज म्हणून सांगितलं, तेव्हापासून ती मला जेवायला वाढताना "कुत्र्याला आधी देऊ का?" असं विचारते.

नव्या करारावर सही करा नाहीतर घरी जा, असा निरोप आला, तेव्हा मी, शिवदास आणि घाटकोपरचा चंद्रप्रकाश, तिघेही रजेवर इथेच होतो. मी हे बाबांपासून लपवून ठेवलं होतं. तुम्हाला ठाऊकच आहे, गिरणी संपाला चार वर्षं झाली, बाकीचे कुठे कुठे कामाला लागले, पण संप सुटला असं कोणी जाहीर केलेलं नाही म्हणून बाबा अजून संपावरच आहेत. पण अनुपमा बोलून गेली. (कुत्र्यावरूनच विषय निघाला.) बाबा ताडकन उठले, त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि मला म्हणाले, "तुज्या त्या दोगांक बोलव."

मग आमच्या गच्चीवर सतरंजी पडली. शेजारच्या कुंदाकाकू सत्यनारायण आहे समजून हात जोडून बसल्या त्या शेवटपर्यंत उठल्या नाहीत. बाबांनी आम्हाला आंबे कापून दिले आणि पहिला प्रश्न विचारला, कारखान्याला गेट आहे का? आम्ही म्हटलं, विमानतळाला गेट पुष्कळ. "मगे गेट मीटिंग घेवा!" चंद्रप्रकाशने समजावलं की बाबा, तिथे संप केला तर सरळ विमानात बसवून परत पाठवतात. बाबांनी कोय चोखता चोखता विचारलं, "आणि तां इमान कोण चलवतलो?" मामा, हे ऐकून आम्ही तिघेही सतरंजीवर बाबांच्या जवळ सरकून बसलो.

कंपनीचा गोरा साहेब त्याच वेळी जुहूच्या एका हॉटेलात उतरला होता, कमी पगारात नवे वैमानिक भरती करायला. बाबांना एवढं पुरे होतं. त्यांनी गिरणीतले जुने सोबती गोळा केले, आम्हाला युनिफॉर्म घालायचा हुकूम सोडला आणि मोर्चा बसने जुहूला निघाला. हॉटेलच्या दारवानाने आम्हा तिघांना कडक सलाम ठोकला आणि बाबांच्या सोबत्यांना आमचे हमाल समजून कुठल्यातरी पाहुण्यांच्या बॅगा त्यांच्या हातात दिल्या. सहदेवकाका तर बिचारे दोन बॅगा घेऊन लिफ्टपर्यंत पोचले होते! बाबांनी त्यांना परत बोलावलं आणि भर दरवाजात मूठ वर करून आरोळी दिली, "पगारकपात!" सोबती गरजले, "रद्द करा!" आम्ही तिघे बुटांकडे बघत उभे. मला खरंच लाज वाटत होती. पण शेजारी बघतो तो बाबांची मान ताठ, डोळे चमकतायत. चार वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. पुढची "रद्द करा" मी इतक्या जोरात दिली की माझी टोपी पडली.

साहेब धावत खाली आला. (अर्ध्या चड्डीत, उन्हाने शेंदरासारखा लाल झालेला.) पोलीस बोलावण्याऐवजी तो आम्हाला किनाऱ्यावर घेऊन गेला. बाबांनी त्याच्या हातात शहाळं ठेवलं आणि त्याचा बांध फुटला. म्हणाला, माझाही पगार कापलाय, आणि माझ्याही कुत्र्याचं तिकीट बंद केलंय, तो तिकडे आखातात एकटाच आहे. मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबा गलबलले. त्यांनी तिथल्या तिथे आपल्या मागण्यांत कुत्र्याचं तिकीटही घातलं. अनुपमाला हे अजून सांगितलेलं नाही.

शेवटी झालं ते एवढंच: पासपोर्ट यापुढे आमच्याकडेच, प्रत्येकाला वेगळी खोली, आणि पगाराचं 'पुढे बघू'. बाबांनी चाळीत पेढे वाटले. बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा,
जयवंत

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. बाबांना आता आखातात यायचंय, तिथल्या विमानतळावर युनियन काढायला! पासपोर्टसाठी फोटोही काढून आलेत. मामा, पाया पडतो, त्यांना काहीतरी निमित्त काढून वेंगुर्ल्याला बोलवा. तिथे एसटीची, ग्रामपंचायतीची, कसलीही तक्रार चालेल, फक्त मोठी हवी.

ता. क. २. मी नव्या करारावर सही केलीय, कापलेल्याच पगारावर. सोमवारी निघतोय. ज्यांनी चार वर्षं हार मानली नाही त्यांना हे कुठल्या तोंडाने सांगू? तुम्हीच तिथे हळूच सांगा.

ता. क. ३. आता सांगायची गरज नाही. वरचं लिहीत होतो तेवढ्यात बाबा बॅगेत घालायला कोकमाची सोलं घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सही केलंस मां?" मी होय म्हटलं. बराच वेळ ते बॅगेचा पट्टा आवळत राहिले. मग विचारलं, "पेन कोणाचा होता? तुजा काय तेंचा?" मी म्हटलं, माझा. "मगे ठीक आसा," म्हणाले, आणि चहा टाकायला उठले.

तरी पण बोलवाच त्यांना.