भिजलेल्या थप्पीचा भात

अप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी भांडायलाही हरकत नाही. हे मी तुम्ही शिकवलेल्या देवनागरीत लिहिते आहे. तंजावूरच्या घरात ती वाचणारं दुसरं कोणी उरलेलं नाही, त्यामुळे कागद टेबलावर उघडा पडला तरी चिंता नाही. तुमच्या नातवाला आपली मराठी कळते, उत्तर मात्र तो तमिळमध्ये देतो. काल माझ्या खांद्यावरून डोकावून त्याने विचारलं, "हे हिंदी का?" तुम्ही असता तर त्याचा कान धरला असता. मी नुसतं "जेवून घे" म्हटलं.

मी तुमच्याच नोकरीत आहे, आणि गेली चार वर्षं तुमच्याच गोदामात. पापनाशमच्या अलीकडचं तेच सरकारी गोदाम, तेच कबुतरांचं राज्य. तांदूळ तपासायचा आणि चांगला असेल तर सही करायची, एवढंच काम, पण तुम्ही त्याचं व्रत करून ठेवलं होतंत. प्रत्येक थप्पीतला मूठभर तांदूळ रुमालात बांधून घरी आणायचा, शिजवायचा आणि नुसता खायचा. वर सांबार नाही, ताक नाही, मीठसुद्धा नाही. आई वैतागायची. "अवघ्या मुलुखाचा तांदूळ माझ्याच चुलीवर कां? कोंचम्, थोडी तुमच्या कचेरीतही चूल मांडा!" तुम्ही हसून पाट ओढायचात. मी दहा वर्षांची असेन. तुमच्या शेजारी बसले आहे, हट्टाने तुमच्या पानातला घास मागून घेतला आहे, आणि तो इतका कुबट लागतो की मी तो तिथेच थुंकते. तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडलासुद्धा नाहीत. "थुंकू नको," म्हणालात. "एथे तुला दुसरा भात मिळेल. ज्याच्या पानात हा पडणार, त्यास कोण देणार?" आणि स्वतःचा घास चावून गिळलात. मला त्या वेळी तुमचा रागच आला होता. शेजारच्या घरी बारीक पोन्नी तांदळाचा वाफाळता भात, आणि आमच्याकडे सरकारी पोत्यांची परीक्षा! दुसऱ्या दिवशी तुम्ही ती सगळी थप्पी नापास केलीत, हे मला फार पुढे आईकडून कळलं.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही पेढे वाटले नाहीत. पोत्यात खुपसून दाणे काढायची तुमची पोकळ लोखंडी सळई तुमच्या जुन्या नेसत्या वेष्टीच्या तुकड्यात गुंडाळून हातात दिलीत. मैत्रिणींना बापांनी सोन्याच्या बांगड्या केल्या, मला लोखंड मिळालं! तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आता खातं नव्या सळया देतं, त्या दोन महिन्यांत वाकतात, आणि मी तुमचीच वापरते.

यंदा कार्तिकात समुद्रात मोठं वादळ झालं. लंकेत डोंगर खचले, गावंच्या गावं चिखलाखाली गेली. आपल्याकडे त्याची नुसती शेपटी फिरली तरी कालवे फुटले आणि भाताच्या लावणीवर कंबरभर पाणी चढलं. सरकारने तिकडे जहाजाने तांदूळ पाठवायचं ठरवलं आणि आमच्या गोदामाला लॉऱ्या भरून तूत्तुकुडीच्या बंदरात धाडायचा हुकूम आला. बसस्टँडवर लोक कुरकुरत होते, आमचं शेत बुडालं आणि तांदूळ निघाला परदेशी! मला ते पटलं नाही. शेजारचं घर पडलं तर आपलं गळकं छप्पर मोजत बसायचं नसतं. मी त्यांना तसं सांगितलंही, आणि सांगताना मला मोठी ऐट वाटली.

पाठवायच्या तांदळात मागच्या भिंतीकडची थप्पी होती. वरची पोती छान, पांढरी. खालच्या रांगांत सळई घातली तर पिवळे दाणे निघाले, दोनतीन चिकटून गोळा झालेले, आणि तो वास. पाऊस वरून आत शिरून भिंतीने खाली उतरला होता. मॅनेजरनी पोती बाहेरून पंख्यावर वाळवली होती. म्हणाले, "अम्मा, सही करा. जहाज थांबणार नाही. तिकडे लोक उपाशी आहेत, उपाशी माणूस वास घेत बसत नाही." मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी चेन्नैहून आलेल्या मोठ्या साहेबांना बोलावलं. ते झेंडा दाखवायला आले होते, बाहेर लॉऱ्यांवर कापडी फलक बांधून तयार होते. साहेब भले होते, दमलेले होते. "थोडं इकडेतिकडे चालतं," म्हणाले. "दानाच्या गाईचे दात मोजत नाहीत."

मी वाद घातला नाही. हमालांच्या मेस्त्रीला सांगून अंगणात तीन विटा मांडल्या आणि त्या थप्पीच्या खालच्या पोत्यांतला तांदूळ चढवला. उकडा तांदूळ, शिजायला वेळ लागला. तोवर मी मागच्या झाडाची केळीची पानं कापून आणली, धुतली, आणि ओसरीवर तीन पानं मांडली. जेवायची वेळ झालीच होती. साहेबांना वाटलं, गावाकडचं आतिथ्य आहे. खूश होऊन बसले. मॅनेजरना कळलं होतं, पण साहेब बसल्यावर त्यांना उभं राहता येईना. मी तिन्ही पानांवर भात वाढला आणि तिसऱ्यावर स्वतः बसले.

साहेबांनी वाट पाहिली. मग म्हणाले, "सांबार?"

"तिकडे सांबार जाणार नाही, सार," मी म्हटलं. "भातच जाणार आहे."

आपल्या मुलखात वाढलेल्या पानावरून कोणी न जेवता उठत नाही. दुष्मनाच्या घरीसुद्धा नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मॅनेजरकडे पाहिलं. अंगणात तीस हमाल डोक्याचं मुंडासं सोडून उभे होते. साहेबांनी घास घेतला. चावला. बराच वेळ चावला, आणि गिळला. दुसरा घास हातात घेतला तो तोंडापर्यंत गेला नाही. मॅनेजर खाली मान घालून भात नुसता चिवडत होते. मी माझं पान संपवलं, अप्पा, शेवटच्या शितापर्यंत. जीभ बधिर झाली होती. साहेबांनी पान मिटलं ते पलीकडच्या बाजूला, दुःखाच्या जेवणानंतर मिटतात तसं. हात धुतले आणि विचारलं, "किती वेळ हवा?"

"उद्या दुपारपर्यंत."

"घ्या."

ती थप्पी आम्ही उपसून काढली. नव्या थप्पीतून पोती आणली, आणि मी एकूण एक पोत्यात सळई घातली. वरच्या रांगेपुरती नव्हे, एकूण एक. मेस्त्री म्हणाला, "अम्मा, पुरे आता, हात गळून पडेल." मी म्हटलं, पडला तर उचलून लॉरीत टाक. दुसऱ्या दिवशी दुपारी लॉऱ्या निघाल्या. फोटोत मी नव्हते, उजवा हात वर होत नव्हता. पण शेवटची लॉरी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला तुमची इतकी आठवण आली की मी कबुतरांच्या देखत रडले. सगळे म्हणाले, मुलगी बापावर गेली. जुने हमाल तर अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ती गोष्ट सांगतात, आणि दर वेळी साहेबांचा चेहरा आणखी वाकडा करून सांगतात.

इथवर मोठ्या तोऱ्यात लिहिलं. आता उरलेलं लिहिते.

गोदामाचा पत्रा निघाला होता ते मला माहीत होतं. आषाढातच मेस्त्रीने बोट दाखवून सांगितलं होतं, नेमका त्या थप्पीवरचा पत्रा उचकटलाय, फटीतून आभाळ दिसतंय. ते लिहून कळवणं माझं काम. कळवलं असतं तर थप्पी हलवावी लागली असती, आठवडाभर धूळ, मॅनेजरांशी कटकट. मी म्हटलं, "बघू." विसरले नाही, अप्पा. विसरले असते तर बरं. दर सोमवारी तिथून जाताना मी वर पाहिलं आणि दर सोमवारी "बघू" म्हटलं.

आता चौकशी लागली आहे. इतका तांदूळ भिजला कसा? नोटीस मॅनेजरना आली. त्यांच्या निवृत्तीला एक वर्ष उरलंय, मुलीचं लग्न ठरलंय. परवा ते माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "अम्मा, पत्रा निघाल्याचं मला कोणी सांगितलंच नाही हो." मी त्यांना चहा मागवला. वाळवलेल्या पोत्यांवर सही मागणारा माणूस, त्याला जरा भोगू दे, असं मनात आलं, हेही लिहून ठेवते. मेस्त्री गप्प आहे. तो माझ्यासाठी गप्प आहे, आणि ते मला फार लागतं. ज्या बाईने साहेबाला पानावर बसवलं, तिला स्वतःच्या पानात काय वाढलंय ते दिसत नाही, असं कसं चालेल?

म्हणून आज दोन पत्रं लिहिली. हे तुम्हाला, हे कुठेच जायचं नाही. दुसरं तमिळमध्ये, चौकशीच्या साहेबांना. ते चार ओळींचं आहे. पत्रा निघाल्याचं आषाढापासून मला ठाऊक होतं, मी कळवलं नाही, मॅनेजरांचा यात दोष नाही. खाली सही केली आहे. कचेरी दहाला उघडते, मी पावणेदहाला दारात असेन. जे होईल ते होईल. बदली होईल, पगारवाढ थांबेल, हमालांची गोष्ट बदलेल.

भीती वाटते, अप्पा. ते त्या पत्रात लिहिलेलं नाही.