रांजणाचा तळ

प्रिय ठमे,

माझं पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. मीच तेवढा ठीक नाही. गेले सात महिने मी चाकावर मातीची मोठी भांडी काढायला शिकतोय. हसलीस ना? छप्पन्नाव्या वर्षी नसते उद्योग सुचलेत तुझ्या दादाला.

भट्टी माझी आणि चाक तुझं, अशीच आपली वाटणी होती. मी फार तर कप, वाडगे काढायचो. कंबरेएवढे रांजण काढावेत ते तूच. त्या एका फुटलेल्या रांजणापायी तू चाक सोडलंस आणि चष्म्याच्या दुकानात उभी राहू लागलीस, त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून इथे गुडघ्याच्या वर गेलेलं एक भांडं झालेलं नाही. आता बाबाही गेले. वाटलं, आपणच शिकावं.

बारा किलोचा गोळा चाकाच्या मध्यावर आणताना माझा खांदा निखळायला येतो. कोपर मांडीला टेकवून, अंगाचा भार पुढे टाकून दाबायचं, हे तुझं बघून मला पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि हातात असणं वेगळं. भिंत वर ओढायला घेतली की वीतभर सरळ येते, मग तिला कंप सुटतो आणि सगळं ढेपाळतं. कधी तोंड वाकडं, कधी पोट सुटलेलं, अगदी माझ्यासारखंच. तुझी वहिनी म्हणते, एवढं चिखलात लोळायचं होतं तर एखादी म्हैस तरी पाळली असती. आधी मीही हसायचो. आता हसू येत नाही. सकाळी माती मळतो आणि दुपारी तीच माती पुन्हा पिंपात टाकतो. हे मला कधीच जमणार नाही, हे कळून चुकलंय. तरी रोज बसतो.

दोनच भांडी भट्टीपर्यंत पोचली. दोन्ही फुटली, पण वेगवेगळ्या कारणांनी. पहिल्याचा तळ मी चाकावर नीट दाबला नव्हता. त्याला तडा भाजण्याआधीच गेला होता, म्हणून वरून लावलेली झिलई भट्टीत वितळून त्यात उतरली आणि कडा गुळगुळीत झाल्या. दुसऱ्याचा तळ चांगला होता. पण मला दम निघाला नाही, भट्टी गरम असतानाच दार उघडलं आणि ते माझ्या डोळ्यांदेखत टण्णकन फुटलं. त्याच्या कडा इतक्या धारदार, की तुकडे उचलताना बोट कापलं. मी बराच वेळ ते बोट धरून बसलो होतो.

मग मागच्या अंगणात जाऊन खणलं. तुझ्या शेवटच्या रांजणाचे तुकडे तिथे मीच पुरले होते, तुम्ही कुणी बघायच्या आत. तळाचा तुकडा धुऊन घेतला. कड सुरीसारखी आहे, ठमे. तुझा तळ पक्का होता. त्या दिवशी तू बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होतीस आणि मला रांजण बघायची घाई झाली होती. भट्टी मी एक दिवस आधी उघडली. तुम्ही आलात तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो, हिने तळ दाबलाच नव्हता. तू वाद घातला नाहीस. पुढच्या आठवड्यापासून चाकावर बसली नाहीस. माझ्या मनात पाल तेव्हाच चुकचुकली होती. अकरा वर्षं मी तिला हुसकावत राहिलो. शेवटच्या आजारात बाबांनी एकदा विचारलं होतं, पोरीचा तळ कधी सुटला नाही, मग त्याच वेळी कसा सुटला रे? खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांची उशी सारखी केली आणि म्हणालो, होतं बाबा असं कधीकधी.

तुझाच,
ज्याचं तू खरं मानलंस तो
दादा