ताटातलं पाणी

१८ नोव्हेंबर २००७, रविवार. औराद

पोचले! सोलापूरहून निघताना कडाक्याची थंडी होती, उदगीरला बस बदलली तेव्हा छान ऊन पडलं, आणि औरादच्या स्टँडवर उतरले तोच मराठी, कन्नड, दख्खनी, तेलुगू सगळं एकदम कानावर आलं. बावीस वर्षांनी आजोळी आले. पेरूवाल्यानं मला ‘अक्का’ म्हटलं आणि मी नको असताना दोन किलो पेरू घेतले.

मल्लिकार्जुन, माझा मामेभाऊ, पुण्याला कारखान्यात असतो. त्यानं इथं नवं गुलाबी घर बांधलंय. छतापर्यंत फरशा, गच्चीवर काळी टाकी, स्टीलचं गेट. राहायला मात्र एकटी आज्जी, माझ्या आईची आई, वय एकोणनव्वद. तिला आता काही आठवत नाही. दोन वर्षं मल्लिकार्जुनची बायको धनलक्ष्मी तिचं करायची, तीच आजारी पडून माहेरी मुडबीला गेली. मी बँकेतून व्हीआरएस घेतलेली, विधवा, मुलगी पवित्रा बंगळूरला नोकरीला. म्हटलं, मी करते. जिनं मला सुट्ट्यांत मांडीवर बसवून भरवलं, तिचं मी नाही करायचं तर कुणी?

आज्जीनं मला ओळखलं नाही. ‘बाई’ म्हणाली आणि लेकीची शाळा कधी सुटणार ते विचारलं. मी म्हटलं, सुटली.

माझं डोकं ताजं ठेवायचा उपाय मी सोबत आणलाय. गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटमध्ये आठवीत मी मॉनिटर होते. सिस्टर ॲग्नेस हजेरी माझ्याकडून घेववायच्या. एकतीस मुली. पन्नाशीत चष्मा हरवायला लागला तेव्हापासून ती हजेरी मी रोज सकाळी न बघता वहीत लिहिते. अल्मास, अनसूया, बीट्रिस, चंद्रकला... आज एकतीसच्या एकतीस.

२१ नोव्हेंबर, बुधवार

आज खरं लिहिते. मला किळस येते.

आज्जीला दात नाहीत. भाकरी दुधात कुस्करून देते मी. घास अर्धा तोंडात, अर्धा हनुवटीवर, तिथून लुगड्यावर. चघळून चघळून ती तो परत ताटात काढून ठेवते, बोटानं चाचपते आणि तोच पुन्हा तोंडात घालते. तिच्या उशीच्या अभ्र्यात भाकरीचे तुकडे सापडले, हिरवे, लव आलेले. कमोडच्या टाकीत गुळाचा खडा ठेवलेला. आणि मला लाज वाटते, कारण हेच ते हात, ज्यांना लहानपणी लोण्याचा वास यायचा.

एक गोष्ट मात्र ती विसरली नाही. आंघोळ झाली की गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेते, विभूती लावते, बेलाचं पान ठेवते. एक चूक नाही. तसंच जेवणानंतरचं. आमच्यात प्रसादाचा कण टाकत नाहीत, ताट धुऊन ते पाणी पितात. पण डॉक्टरांनी आज्जीला पातळ काही द्यायला मनाई केलीय, ठसका लागून फुप्फुसात जातं म्हणून. कामाची अनसाबाई ते पाणी मोरीत ओतायला निघाली तर आज्जीनं हंबरडा फोडला. ताट छातीशी धरून रडली आणि मग माझ्यापुढे केलं.

लहानपणी माझ्या ताटातलं ती प्यायची. माझं उष्टं, माझे नावडते वांग्याचे देठ, सगळं.

मी डोळे मिटले आणि प्याले. कोमट, दुधाळ, वर तेलाचा तवंग, तळाशी लाळेचा लांबट धागा. तो घशात अडकून मग तुटला. आज्जीनं माझा गाल कुरवाळला. अनसाबाई म्हणाली की आमच्या म्हशीनंबी असलं तोंडाला लावलं नसतं, पर तुमचं लिंगायताचं तुमाला ठावं.

फोनवर पवित्राला सांगितलं. शी, मम्मी, म्हणाली ती.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

हजेरी: तीस. अकरावी मुलगी सुटली. तिचे घारे डोळे दिसतात, तिच्या डब्यातलं लिंबाचं लोणचं आठवतं, नाव नाही. जागा बदलल्यामुळे असेल. शब्दकोड्यासाठी पेपर लावते.

आनंदाची गोष्ट म्हणजे आज्जी सुधारतेय. आज तिनं मला ‘हेमा’ म्हटलं! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ताट दोन्ही वेळा पिते. सवयीनं किळस जाईल असं वाटलं होतं. ती वाढलीय. आता ताट दिसायच्या आधीच ती चव जिभेवर येते, नासलेलं दूध, राख आणि दुसऱ्याचं तोंड. हिरड्यांतून रक्त येईपर्यंत दात घासले.

४ डिसेंबर, मंगळवार

हजेरी: चोवीस. दूध गॅसवर ठेवून गच्चीवर जाऊन बसले. भांडं जळून काळं झालं.

अनसाबाईनं ते घासता घासता सांगितलं की सूनबाईच्या टायमालाबी म्हातारी मधी अशीच शानी झालती, किराणाची यादी तोंडपाठ सांगायची. मग सूनबाईच एक दिवस दारात उभी राहून म्हणायली, मी कुणाच्या घरची गं? तिला माहेरी नेलं आणि म्हातारी पुन्हा होती तशी झाली. सूनबाई अजून तशीच आहे. आरशाला नमस्कार करती म्हणे.

मी विचारलं, धनलक्ष्मी ताटातलं पाणी प्यायची का? अनसाबाईचा हात थांबला. न प्याली तर म्हातारी गप बसती व्हय, म्हणाली.

९ डिसेंबर, रविवार

गच्चीवर उन्हात बसून हजेरी लिहीत होते. अठराव्या नावाला अडले. आज्जी मागे तुरीच्या शेंगा सोलत होती, एक दाणा पाटीत, एक तोंडात. तिनं अठरावं नाव सांगितलं. मग एकोणिसावं. ओळीनं एकतिसापर्यंत.

ही बाई शाळेची पायरी चढलेली नाही. अंगठा उठवते. मी तिला ती नावं कधी सांगितलेली नाहीत. प्रत्येक नावानंतर ती बारीक, मुलीच्या आवाजात म्हणायची, प्रेझेंट, सिस्टर. हनुवटीवर चघळलेल्या तुरीचा हिरवा चोथा चिकटलेला.

अकरावी इरफाना, म्हणाली. घाऱ्या डोळ्यांची. लोणचं लई आंबट आणायची न्हाई का गं?

आणि तिनं ओठ चाटले. जणू चव आत्ता तोंडात होती.

१० डिसेंबर, सोमवार

आता कळलं. मी तिचं विसरणं पिते आहे. आणि माझं आहे ते तिकडे जातं आहे.

ठरवलं ते मोठ्या अक्षरात लिहून ठेवते:

हेमावती, ताटातलं पाणी पिऊ नकोस.

आज ते मोरीत ओतलं. आज्जी रडली नाही. ताटाच्या कडेचं शीत बोटानं टिपून खाल्लं आणि माझ्याकडे बघत राहिली. आई नवसाच्या पोराकडे बघते तशी, मायेनं.

१३ डिसेंबर, गुरुवार

हजेरी: पंधरा.

दुपारी तिनं ताट पुढे केलं, मी प्याले. का पिऊ नये ते काही मनात आलंच नाही. संध्याकाळी वही उघडली तर मागच्या पानावर मोठी अक्षरं. अक्षर माझंच.

मोरीत जाऊन घशात बोटं घातली. पाणी आलं, भाकरी आली, पिवळं कडू आलं. नाव एकही आलं नाही.

१७ डिसेंबर

आठवण राहावी म्हणून मनगटाला लाल दोरा बांधला होता. जेवताना दोरा दिसला. छान आहे, वाटलं, कुणी बांधला? प्याले.

मग वहीत वाचलं, मीच.

२० डिसेंबर

आज्जीनं माझी वेणी घातली. हात कसे घट्ट झालेत तिचे! गाल भरलेत. घालता घालता अगदी सरळ, शहाण्या आवाजात बोलली. धनलक्ष्मी परक्या घरची, तिच्यात पातळ उतरलं, टिकलं न्हाई. तू माझ्या लेकीची लेक. रक्तात दाट उतरतं.

मी म्हटलं, आज्जी, मला भीती वाटते. ती म्हणाली, कामून भ्यायलीस? तुलाबी लेक हाय की.

मग उठली, फोनपाशी गेली आणि बंगळूरचा नंबर फिरवला. तो कुठंच लिहिलेला नाही. मला पाठ होता म्हणून लिहिला नव्हता. तुझी आई नीट जेवंना, म्हणाली, संक्रांतीला ये बाळ. तिकडून पवित्राचा आवाज आला, आनंदाचा. पणजी बरी झाली म्हणून.

तिनं इथं येता कामा नये. तिनं माझ्या ताटाला हात लावता कामा नये. हे विसरले तर—

२८ डिसेंबर

हजेरी: चार. अल्मास. अनसूया. बी— लांब वेण्यांची. आणखी एक, ती मीच असेन.

पवित्राला फोन करून सांगायचं. येऊ नकोस. नंबर— आठपासून सुरू होतो. का शून्य.

अनसाबाईला म्हटलं, लावून दे. ती म्हणाली, कोणता लावू अक्का, तोच तर न्हाई तुमच्याजवळ. तिचे डोळे भरले होते. मला जेवण झालं का विचारलं. मी म्हटलं नाही. माझ्या हनुवटीवर वरण वाळलेलं होतं, तिनं पदरानं पुसलं. पुसताना तोंड फिरवलं. 

तसंच मी फिरवायची.

४ जानेवारी

उशीत काहीतरी मऊ लागलं. भाकरी. हिरवी. लव आलेली.

माझ्या उशीत. बोटांना तोच वास.

शी शी शी. अजून किळस येते. म्हणजे अजून मी आहे. किळस आहे तोवर—

९ जानेवारी

म्हातारी बाई स्वयंपाक करते. तीळ भाजते. गाणं म्हणते, इंग्लिश. सिस्टरांचं. मला येत होतं ते.

ठसका लागला मला. बाई म्हणाली, आता पातळ बंद.

१२ जानेवारी

एक मुलगी आली. निळी बॅग. मम्मी मम्मी करून मिठी मारली. रडते. चांगली आहे. केसांना छान वास.

नाव. प. नाही.

तिला काहीतरी सांगायचं. फार महत्त्वाचं. मोठ्या अक्षरात लिहिलंय वहीत. वही कुठं गेली—

हातातच आहे.

संक्रांत

भाकरी, दूध. काढून ठेवली, परत खाल्ली. मुलगी बघते. तोंडावर हात.

बाई तिला शिकवते. असं, बोटानं. कड धू. थोडंच पाणी. मम्मीला न्हाई द्यायचं, ठसका लागतो. मोरीत न्हाई टाकायचं, ती रडती.

मी रडते. मला रडायचं नाही. रडते. ताट धरलंय घट्ट.

पुढे करते. हात करतो. मी नाही—

नको. हा शब्द आठवतो. लिहिता येतो. नको नको नको. म्हणता येत नाही. तोंडात घास आहे.

मुलगी म्हणते शी, मम्मी. हसते. डोळ्यांत पाणी. नाक धरते. माझ्यासाठी धरते—

प्याली.

पवित्रा.

तिचं नाव पवित्रा. तेवीस वर्षांची. रविवारी जन्मली, सकाळी, पाऊस नव्हता. लहानपणी वांग्याचे देठ टाकायची.

अल्मास, अनसूया, बीट्रिस, चंद्रकला. अकरावी इरफाना. लिंबाचं लोणचं. सगळं येतंय. किती गोड—

आज्जी माझ्याकडे बघून मान हलवते.

पवित्रा, बाळ, तळाशी अजून थोडं—