परशुराम पँथर्स आणि फितूर डिचोली

५ ऑक्टोबर, रविवार
गोकुळदास फितूर झाला. तारीख मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे इतिहासाला लागेल.

हकिगत अशी. शाळेपासून आम्ही एकाच टीममध्ये. मी सेंटर फॉरवर्ड आणि तो मला पास देणारा. मी खाणीच्या ऑफिसातून रिटायर होऊन हॉकी क्लब काढला तेव्हा त्याला आठवणीने बरोबर घेतलं. बॅनरवर नावसुद्धा टाकलं. दुसऱ्या ओळीत. आणि आज त्याच्याच हॉटेलात, माझ्यापुढे पातळभाजी-पाव ठेवून तो शांतपणे सांगतो की त्याने स्वतःची टीम काढली आहे. नाव डिचोली इलेव्हन. मी कारण विचारलं तर म्हणाला, "परशू, टीम सगळ्यांची आणि नांव तुजें एकट्याचें?"

परशुराम पँथर्स हे नाव भगवान परशुरामावरून आहे. त्याने बाण मारून समुद्र हटवला आणि ही भूमी वर काढली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझंही नाव परशुराम हा निव्वळ योगायोग. बॅनरवर माझा फोटो आहे तो भगवंतांचा चांगला फोटो मिळाला नाही म्हणून.

भाजी अर्धी टाकून उठलो. (मागाहून पार्सल मागवली. राग माणसावर असावा, भाजीवर नको.)

६ ऑक्टोबर, सोमवार
मैदान एक, रविवारची संध्याकाळ एक आणि टीमा दोन. मैदान कमिटीने तोडगा काढला. दोन्ही टीमांनी आपसात एक मॅच खेळायची. जिंकेल कोण याला महत्त्व नाही. ज्याच्या बाजूला जास्त लोक बसतील त्याला वर्षभर रविवार. दुसऱ्याने टीम गुंडाळावी.

मी लगेच हो म्हणालो. लोक माझेच आहेत.

संजनाला फोन केला. मुलगी पुण्याला जाहिरातीत आहे. तिने विचारलं, बाबा, मार्केट केवढं आहे? मी म्हटलं, मेट्रोपॉलिटन. तिला समजावून सांगितलं की मोप्याला विमानतळ झाल्यापासून पेडणे आणि डिचोली हे एकच महानगर धरायला हवं, मध्ये थोडी झाडं आहेत एवढंच. ती म्हणाली, मीटिंग आहे.

संकल्प: १) रोज पहाटे मैदानाला पाच फेऱ्या. अध्यक्ष फिट दिसला पाहिजे. २) गोकुळदासच्या हॉटेलात पाऊल नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार
पाऊस होता. फेऱ्या उद्यापासून.

टी-शर्टांचे बॉक्स आले. भगवा रंग सांगितला होता, पिकलेल्या पपईसारखा आला. छातीवर PANTHERS, पाठीवर माझी सही. सुलोचनाने बॉक्स बघितले आणि विचारलं, इतके कोण घालणार? मी म्हटलं, फॅन्स. ती म्हणाली, "ते येतले तेन्ना येतले. आदीं बॉक्स हालयात, म्हाका शिवणाचें मशीन दिसना जालें." बायकोला व्हिजन नसते. चालायचंच.

९ ऑक्टोबर, गुरुवार
देवळात जाऊन कौल लावला. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, पँथर्सना यश दे. देवीच्या अंगावरच्या पाकळ्यांकडे डोळे लावून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने डावी पाकळी पडली. भटजी म्हणाले, नाही म्हणते.

वाटेत शांतपणे विचार केला. डावी म्हणजे कोणाची डावी? माझ्या बाजूने बघितलं तर ती उजवीच होती. कौल अनुकूल आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार
वाळपईच्या टीमबरोबर सराव मॅच. लोक चांगले जमले. मैदान बसस्टँडला लागून असल्याचा हा फायदा. पहिल्या हाफमध्ये कठडा भरलेला होता. मग वाळपईची बस आली आणि बरेच जण चढले. मग साखळीची आली.

शेवटी दोघेच उरले. एक झोपला होता. दुसऱ्याला हाताने खूण करून टी-शर्ट दिला, त्याने घडी करून पिशवीत घातला. पहिला पक्का फॅन. कोपऱ्यावर जाऊन त्याने लगेच गोकुळदासकडे चहा घेतला, पण ते तहान लागल्यामुळे.

आपल्या गोलकीपरला, दत्तारामला, बाजूला घेऊन विचारलं, तू तरी माझ्याशी इमान राखशील ना? तो पणजीच्या बसवर ड्रायव्हर आहे, माणूस कमी बोलतो. म्हणाला, "परशुरामबाब, पॅड घरा व्हरूं? उसवल्यात." बघा. मी न सांगता त्याला पॅड घरी नेऊन शिवायची काळजी. असा एक माणूस असला तरी टीम उभी राहते.

१३ ऑक्टोबर, सोमवार
मॅचची तारीख मी ठरवली. एकोणीस, रविवार. दिवाळीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. पहाटे जाळायचे नरकासुराचे पुतळे उभारायला सगळं गाव रस्त्यावर असतं. गर्दी आयती आहे, आपण फक्त वळवायची.

गोकुळदासने निरोप पाठवला: "परशू, ते सांजेर पोरगे नरकासुर सोडून हॉकी खेळपाक येतले?"

घाबरला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
सुलोचनाला ताकीद दिली की यंदा दिवाळीला गोकुळदासला आपल्या घरी पोहे नाहीत. दर वर्षी नरकचतुर्दशीला सकाळी तो पहिला येतो. दुधातले, ताकातले, गुळातले, सगळे प्रकार खातो आणि वर दह्यातले मागतो. आमचं लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकला नाही, त्याची आई गेली त्या वर्षीसुद्धा येऊन बसला होता. मी नुसते पोहे वाढले होते.

ते दिवस संपले. दार लावून घेणार.

सुलोचना म्हणाली, "फोव हांव करतां. कोणाक दिवपाचे तें हांव पळयतलें." घरातच फितुरी.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
आनंदाची बातमी! मोप्याला गेलो होतो, साडूला विमानतळावरून आणायला. परतीच्या वाटेत एका बांधकामावर बघतो तर पपई रंगाचे टी-शर्ट! चार-पाच जण पँथर्स घालून विटा चढवत होते. गाडी थांबवून हात वर केला. त्यांनीही केला. बेळगावकडचे कामगार. हॉकीबद्दल विचारलं तर हसले. डिचोलीतून तिथपर्यंत फॅन्स पोचले आणि मला पत्ता नाही. यालाच मार्केट म्हणतात.

साडूने विचारलं, हे कोण? म्हटलं, आपलीच माणसं.

रात्री जेवताना सुलोचनाला सांगितलं. तिने आमटी वाढता वाढता सांगितलं की एक बॉक्स तिनेच दिला होता. तिथल्या मुकादमाची बायको जुने कपडे मागायला आली होती.

जुने! तरीही त्यांनी घातले हे खरं आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
प्रॅक्टिसला मी आणि शिटी. बाकी कोणी नाही. दत्तारामला फोन केला. मागे हातोड्याचे आवाज येत होते. म्हणाला, काम आहे. पॅड? म्हणाला, पॅड कामातच आहेत. विश्रांती घेऊन पोरं ताजी होतील असा डाव दिसतो.

बॉक्स आणखी कमी झाले आहेत आणि सुलोचनाचं मशीन दिवसभर चालू आहे. विचारलं तर म्हणते, दिवाळीची शिवणं. मला वाटतं ती पँथर्सचा मोठा झेंडा शिवते आहे. सरप्राइज असणार. मी कळल्यासारखं दाखवलं नाही. तिच्याबद्दल चौदा तारखेला लिहिलेलं मागे घेतो.

१९ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळी साडेसहा
मैदान गच्च! आजवर इतके लोक बघितले नाहीत. पुन्हा लिहितो, गच्च.

फक्त माझ्या बाजूला कोणी नव्हतं. सगळे पलीकडच्या कोपऱ्यात, पाठ करून उभे. तिथे डिचोली इलेव्हनने नरकासुर उभा केला होता. टीम गोकुळदासची, नरकासुर त्याचा, गर्दी त्याची. माझी अकरा पोरंही तिथेच. कोणी दोर धरलाय, कोणी जनरेटर. मॅच पाच वाजता सुरू व्हायची होती. मी एकटा शिटी वाजवत होतो, लोकांना वाटलं ती नरकासुराचीच वाजतेय.

मग पुढे जाऊन बघितलं.

नरकासुराच्या अंगात सदरा होता. पपई रंगाचा. माझे टी-शर्ट जोडून जोडून शिवलेला, बाह्यासुद्धा नीट, सुलोचनाच्या हातची टीप मी कुठेही ओळखेन. छातीवर PANTHERS चार वेळा. पोटावर माझी सही. पायांना दत्तारामचे पॅड. हातात तलवारीऐवजी हॉकी स्टिक.

लग्नाची बायको. गोलकीपर. सगळे. शिटी खिशात टाकली, खोटं कशाला लिहू.

कमिटीचे लोक म्हणाले, निकाल स्पष्ट आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार, नरकचतुर्दशी
पहाटे त्याला जाळला. गोकुळदास स्वतः कृष्ण झाला होता. साठीचा कृष्ण, निळा रंग, पोट पितांबराबाहेर. त्याने पेटता बाण मारला आणि माझी सही सगळ्यात आधी पेटली. टाळ्या पडल्या. पँथर्सला इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या.

घरी येऊन आंघोळ. तुळशीपुढे नरकासुर म्हणून कारीट फोडताना मनात गोकुळदासचं नाव घेतलं. कारीट अंगठ्याखालून निसटून गटारात गेलं.

आठ वाजता दार वाजलं. त्याचीच थाप, तीन सावकाश. मी संकल्पाप्रमाणे न्हाणीघरात गेलो आणि कडी लावली. तो मला बोलवायला येईल, मी दोनदा नाही म्हणेन, तिसऱ्यांदा काय म्हणायचं ते ठरवत उभा राहिलो.

बाहेरून वाट्यांचे आवाज. त्याने दह्यातले मागितले. सुलोचना हसली. सदऱ्याच्या बाह्या किती छान बसल्या होत्या असं तो तिला सांगत होता. दत्तारामही आला, त्यानेही खाल्ले. मग दार लागलं.

कोणी बोलवलं नाही. बाहेर आलो तर गुळातले संपले होते. खुर्चीच्या पाठीला निळा रंग लागलेला होता. पुसणार होतो. राहू दे म्हटलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
दत्तारामला बसस्टँडवर गाठलं. भाषण पाठ केलं होतं. माझा पुतळा जाळलात, जिवंत माणसाचा नरकासुर केलात, भर गावात अपमान केलात, याचा जाब द्या. तो तंबाखू मळत सगळं ऐकत राहिला. खरोखर गोंधळला. म्हणाला, "तुमचो पुतळो? ना हो, परशुरामबाब. आमकां कापड जाय आशिल्लें. तुमगेर पडून आशिल्लें."

म्हणजे कापड हवं होतं, ते माझ्या घरी पडून होतं. आणि हॉकी स्टिक? म्हणाला, तलवारीचा पुठ्ठा भिजला.

आणि पॅड? म्हणाला, नरकासुराच्या पिंडऱ्या बारीक दिसत होत्या.

भाषण परत घेऊन घरी आलो. अपमान केला असता तर एक वेळ चाललं असतं. माझी आठवणच कोणाला झाली नव्हती.

संकल्प: डिचोली सोडून पेडण्यात नवीन टीम.

२३ ऑक्टोबर, गुरुवार
पेडण्यात चौकशी केली. तिथे फुटबॉल आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार
मैदानावर नवीन बॅनर लागला. सहज त्या बाजूला गेलो होतो. तीनदा.

पहिल्या ओळीत डिचोली इलेव्हन. दुसऱ्या ओळीत अध्यक्ष आणि उपाध्यक्ष. गोकुळदासला मी ओळखतो. माणूस फितूर झाला तरी मनाने मोठा आहे, मला कुठेतरी दुसऱ्या ओळीत घेणारच. चष्मा काढून पुसला आणि वाचलं.

अध्यक्ष गोकुळदास. उपाध्यक्ष सौ. सुलोचना.

माझं नाव सगळ्यात खाली आहे, खिळा मारलाय त्याच्या शेजारी. कपडा सौजन्य: परशुराम.

सुलोचनाला विचारलं. म्हणाली, सांगणार होते, तुम्ही न्हाणीघरात होता.

२६ ऑक्टोबर, रविवार
डिचोली इलेव्हनची पहिली मॅच. मी जाणार नाही. ज्याने पाठीत सुरा खुपसला त्याच्या टीमला टाळ्या वाजवायला मी काही बसची वाट बघणारा पॅसेंजर नाही.

दुपारी शेवटचा बॉक्स उघडला. तळाशी एक टी-शर्ट उरला होता. बसतोय का ते नुसतं बघितलं.

मॅच पाचला आहे. साडेचारला पोचलं तर कठड्यावर सावलीतली जागा मिळते.