धरणातला नारळ

ती. आईस,

हे तुला धाडणार नाही, पण कुणाला तरी सांगायला हवं. तू म्हणालीस म्हणून आज नारळी पौर्णिमेला, ड्युटीच्या आधी, इथल्या, आखाती देशातल्या धरणात नारळ सोडला. कुणी बुडू नये म्हणूनच ना! दुपारी शारजाहून आलेले, कयाकच्या छोट्या होड्या वल्हवणारे पर्यटक ओरडले, पाण्यात डोकं दिसतंय! लाइफगार्ड मी. उडी मारली, तर हाताला आपलाच नारळ, शेंडीसकट. घाबरून जॅकेटात लपवला आणि वर येऊन म्हणालो, "कुछ नहीं मिला."

तेव्हापासून पाणबुडे माणूस शोधतायत. खरं सांगितलं तर नोकरी खलास. नाही सांगितलं तर हे किती दिवस शोधणार? साहेबांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "गणू, जब तक वो नहीं मिलता, किसी को पानी में मत छोड़ना."

शिट्टी धरून बसलेला,
तुझा गणू