ढोल थांबता कामा नयेत

४ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा पट्टा पडला. पापणी लवते तेवढाच करंट गेला नि आला, पण तेवढ्यात बेळगोळच्या आमच्या युनिटातले वाळवणीचे ढोल थांबले. ओलं कापड तापल्या ढोलाला टेकून राहिलं — मरून रंगावर काळपट पट्टा. बैलकुप्प्याच्या तिबेटी मठातल्या लामांच्या वस्त्रांचं कापड हे! मागचा लॉट असाच परत आला होता.

रविकिरण, माझा मुलगा, म्हणाला, "अम्मा, आणखी एक परत आला की मशीन विकतो. एच. डी. कोट्याचा एक माणूस विचारतोय."

मी म्हटलं, मलाही घेतो का विचार, जुनी आहे पण चालते. हसला नाही. म्हणजे खरंच विकणार.

५ ऑगस्ट, मंगळवार

नव्या, माझी नात, लिहून घेते. मधेच विचारते, "अज्जी, हे पण लिहू?" सगळं लिही गं, मला कुठे वाचायचंय.

७ ऑगस्ट, गुरुवार

ड्राइव्हवाली सहना आली. ड्राइव्ह म्हणजे मोटरीचा वेग सांभाळणारा भिंतीवरचा डबा. करंट जरा पडला की तो मोटर सोडून देतो म्हणे. तिने सेटिंग बदललं. आता करंट गेला तर तो फिरत्या ढोलांच्या जोरातूनच थोडी वीज काढून जागा राहील. ढोल किंचित मंदावतील, पण थांबणार नाहीत.

"किती वेळ?" — रवी.

"सेकंदभर, सर. फार वेळ गेला तर थांबणारच."

म्हणजे माझं शिवणयंत्र. पाय काढला तरी चाक दोन टाके घालतंच. "अष्टे, अज्जी, तेवढंच," सहना म्हणाली. गुणाची पोर. कॉफी मागून घेतली.

९ ऑगस्ट, शनिवार

करंट लवला. ढोल थांबले. पट्टा. रवी फोनवर सहनाला नको ते बोलला.

११ ऑगस्ट, सोमवार

सहना रागावली नाही. मशीनपाशी वाट बघत उभी राहिली. दुपारी दिवे लवले. ढोल मंदावले, फिरत राहिले — आम्ही सगळ्यांनी बघितलं — आणि खाट! यांनी मेन स्विच पाडला.

यांनी म्हणजे, मी नाव घेत नाही, नव्या, तूच लिही — गुरुराव. मेनशेजारीच यांची खुर्ची. एकदा पाण्याचा पंप जळाला, तेव्हापासून आमच्या घराची रीत: दिवा लवला की जवळ असेल त्याने मेन पाडायचा. यांचा हात तर दिव्याच्या आधी पोचतो.

"मशीन वाचवलं मी," हे म्हणाले.

"अप्पा, तुम्हीच थांबवलंत." — रवी.

यांचं तोंड एवढंसं झालं. खुर्ची मी उचलून दाराशी ठेवली.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज नवा लॉट. यांच्या मांडीवर मी परातभर लसूण ठेवला, सोला म्हटलं. दोन्ही हात गुंतलेले बरे.

दिवे लवले. हे अर्धे उठले, परात पडली, लसूण सगळीकडे. पण मेन लांब! ढोलांचा आवाज खाली गेला, पुन्हा वर आला. कापड सरळ निघालं, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रंग.

"थांबलंच नाही की गं," हे हळूच म्हणाले. मग वाकून लसूण वेचायला लागले. रवीही बसला वेचायला.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज नव्या नाही, रवीला लिहायला बसवलंय. मठाने लॉट ठेवून घेतला. "मशीन विकणार नाही" एवढं लिही म्हटलं. लिहिलं. मोठ्याने वाच म्हटलं, दाराशी यांनाही ऐकू दे. वाचलं.