बांधाचं गाऱ्हाणं

पुणे, ८ फेब्रुवारी २०१०

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

कोण किती धूर कमी करणार, ते मोठमोठ्या देशांनी आपापल्या मनाने लिहून दिलंय. आम्ही कॉलेजात सरांसोबत त्याचीच बेरीज करतोय. सगळ्यांनी शब्द पाळला तरी पृथ्वी तीनेक अंशांनी तापेल. ठरलंय दोनच्या आत. म्हणजे दर्या आणखी वर चढणार. पावसाआधी तू जामसंड्याला काकाकडे जा.

तुझ्या शिव्यांची भुकेली,
संजना

विजयदुर्ग, १९ फेब्रुवारी

चि. संजना हिस आशीर्वाद आणि एक धपाटा.

जामसंड्याला मी जायची नाही. तुझी काकी बांगड्याच्या कढीत गूळ घालते.

तुझ्या देशांचं वाचून हसता हसता कवळी पडली गो! आमच्या वाडीचं तेच. दर्या घरांपर्यंत आला म्हणून बांध घालायचा, दगड किती ते ज्याने त्याने सांगायचं. बाबलीने टोपलीभर सांगितले, तेही किल्ला बांधून दिल्यागत मिरवत. परशुराम म्हणे, आधी बाबलीचे येऊ देत. बेरजेत बांध या गंगूच्या परसाआधीच संपला.

मग देवळात सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालणाऱ्या दाजीच्या कानात मी एक ओळ सोडली. तो दम घ्यायला थांबला की बाप्ये न ऐकताच ‘व्हय म्हाराजा’ ओरडतात, ठाऊक आहे ना? दाजीने देवाला सांगितलं, जो कोण दगडाक उणो पडात, दर्यान खिंड पाडूची ती तेच्याच दारात. ओरडले सगळे! बाबली सगळ्यांत मोठ्याने. मग तोंडं सुकटासारखी. देवासमोरचा शब्द गिळणार कसा? आता डंपरने दगड येतायत.

बांध किती उंच हवा ते कळव.

आशीर्वाद आहेतच,
आजी

पुणे, २७ फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात वाचलं. सर टेबलावर डोकं ठेवून हसले. देशांसाठी दाजी मागतायत. पण आजचे आकडे पाहता बांध आणखी हातभर उंच हवा म्हणाले.

लोभ आणि सुकट पाठव.
संजना

विजयदुर्ग, ८ मार्च

चि. संजना हिस आशीर्वाद.

त्या हातभरासाठी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. या खेपेला बाप्ये कान टवकारून, ओठ मिटून उभे. मला मेलं हसू आवरेना. दाजी थांबला आणि मी एकटीच ओरडले, ‘व्हय म्हाराजा!’

मेल्याने सांगितलं होतं, वरचो हातभर गंगू घालीत, नाय तर गप जामसंड्याक जायत.

देऊळभर लोक लोळले. बाबलीने तर माझ्या पाया पडून टोपली हातात दिली.

रोज दगड वाहते आहे. त्या देशांना सांग, आकडा लवकर वाढवा. ते धूर जितका कमी करतील, तितके माझ्या डोक्यावरचे दगड कमी.

कंबर धरून,
आजी